पाय ब्रेकवरच होता

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. माझ्यात बारा माणसे बसतात. रविवारी चर्चला जाताना सतराही बसतात. माझ्यामुळे एका सरळ बाईवर पाच महिने खोटा आळ होता. खरे काय घडले ते मला ठाऊक होते, पण गाडीला तोंड नसते. आता ते सारे निस्तरले आहे, म्हणून मोकळ्या मनाने सांगते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली नऊ वर्षे एका फुलवाल्याकडे गेली. त्याचे गाव तळहातासारखे सपाट होते. पहाटे फुलांच्या बादल्या घ्यायच्या, चार दुकानांत उतरवायच्या आणि परत यायचे. चढ नाही, उतार नाही. म्हणून माझ्या अंगात जन्मापासून असलेली खोट तिथे कोणालाच कळली नाही, मलासुद्धा नाही. फुलवाला म्हातारा झाला, त्याने मला विकले. मग मी जहाजात चढले आणि समुद्र ओलांडून सामोआत, आपियाच्या धक्क्यावर उतरले. तिथे गाड्या आणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या आवारात माझ्यासारख्याच, त्याच वर्षीच्या, त्याच कारखान्यातल्या पुष्कळ बहिणी उभ्या होत्या. एकेक करून आम्ही वेगवेगळ्या गावांत गेलो.

मला मोएलागीने घेतले. ती तेव्हा पन्नाशीला टेकली होती. उंच, दणकट बांध्याची, आवाज मोठा, आणि हसली की खांदे हलायचे. तिचे गाव बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सालेओलो. आपियाचा बाजार उत्तर किनाऱ्यावर. मध्ये डोंगर. गावातल्या बायका पंडानसच्या, म्हणजे केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या, पानांच्या चटया विणायच्या आणि दर गुरुवारी त्या बाजारात न्यायच्या. पूर्वी त्यांना बसची वाट बघत ताटकळावे लागे. मोएलागीने मला आणले आणि सगळ्यांची सोय झाली. पहिल्या दिवशी बायकांनी माझ्या नाकाला फुलांची माळ घातली. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. मोएलागीचा थोरला भाऊ ऑकुसो, जो त्यांच्या कुटुंबाचा प्रमुख होता, त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दोनदा ठोकले आणि मान डोलावली. तो कमी बोलायचा. त्याच्या मानेने निकाल लागायचा.

चार वर्षे मी मन लावून काम केले. गुरुवारी चटया, शनिवारी तारोचे कंद आणि केळी, रविवारी पांढऱ्या कपड्यांतली गाणारी माणसे. एकदा कळा सुरू झालेल्या एका बाईला इस्पितळात नेले, तिला झालेली मुलगी आता शाळेत जाते. मोएलागी मला रोज सकाळी धुवायची. तेल, पाणी, टायरची हवा, सगळे स्वतः बघायची. एकच गोष्ट तिला खटकत असे. माझा पुढचा डावा टायर उजव्यापेक्षा लवकर झिजायचा. वर्षाच्या आत तिने तो दोनदा बदलला. टायरवाल्याला तिने विचारले तर तो म्हणाला, “बाई, तुम्ही रस्त्याच्या कडेला घासत चालवता.” ती कडेला घासत नव्हती. पण तो इतक्या खात्रीने बोलला की तीच गप्प बसली.

मित्रांनो, आता माझी खोट सांगते. प्रत्येक चाकात एक पोलादी तबकडी असते. ब्रेक दाबला की एक चिमटा ती तबकडी दोन्ही बाजूंनी पकडतो आणि चाक थांबते. पाय उचलला की चिमट्याने सोडायचे असते. माझ्या पुढच्या डाव्या चाकाचा चिमटा गरम झाला की नीट सोडत नसे. थोडासा धरूनच राही. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण लांब उतारावर ते चाक घासत, तापत जाई. फारच तापले की ब्रेकच्या नळीतल्या तेलाला उकळी फुटे, त्यात बुडबुडे होत. मग पेडल दाबले तरी बुडबुडाच दबतो, जोर चाकापर्यंत पोचत नाही. आणि यातली वाईट गोष्ट अशी की, अर्ध्या तासाने सगळे निवले की ब्रेक पुन्हा जसेच्या तसे. जणू काही झालेच नाही.

एका गुरुवारी हेच घडले. सकाळचे नऊ वाजले होते. माझ्यात सहा बायका आणि छतापर्यंत चटया होत्या. त्या दिवशी उतारावर पुढे दगडांचा एक ट्रक रखडत चालला होता, त्यामुळे मोएलागीला वळणावळणावर ब्रेक दाबावा लागत होता. डोंगराच्या पायथ्याशी फालेउता गाव लागते. तिथे ट्रक बाजूला वळला. पुढे रस्त्याच्या कडेला शाळेची मुले बसची वाट पाहत उभी होती. मोएलागीने पेडल दाबले. ते लोण्यात गेल्यासारखे तळाला टेकले. तिने पुन्हा दाबले, पुन्हा, पुन्हा. तिने हँडब्रेक ओढला, हॉर्न दाबून धरला आणि मला मुलांपासून दूर, डाव्या हाताला वळवले. तिथे एक टपरी होती, टपरीत कोणी दिसत नव्हते. मी टपरीच्या खांबात घुसले.

टपरी रिकामी नव्हती. तिआलावेआ नावाचे म्हातारे तिचे मालक. सत्तरी ओलांडलेले. ते वाकून खालच्या चुलीवरून कोकोचे भांडे उचलत होते. खांब त्यांच्या उजव्या पायावर पडला आणि हाड मोडले. बाकी कोणाला काही झाले नाही. बायका चटयांमुळे वाचल्या. मोएलागी खाली उतरली, म्हाताऱ्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली, आणि येईल त्या प्रत्येकाला एकच सांगत राहिली, “मी ब्रेक दाबला होता.”

दुपारी पोलिसांनी एका तपासनिसाला आणले. त्याचे नाव सेतेफानो. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत कागद लावलेली फळी, नियमाला पक्का. तोपर्यंत मी पूर्ण निवले होते. त्याने पेडल दाबले, ते दगडासारखे घट्ट लागले. त्याने मला आवारात पुढे-मागे चालवून पाहिले. मी जागच्या जागी थांबले. मित्रांनो, आयुष्यात नीट थांबल्याची लाज मला त्या एकाच दिवशी वाटली. त्याने फळीवर लिहिले, गाडीत दोष नाही. मग त्याने मोएलागीच्या पायातल्या रबरी चपलांकडे पाहिले आणि त्यावरून पाय घसरला असावा, असेही लिहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अजून त्या मोडक्या टपरीशीच उभी होते. उजाडता उजाडता डोंगराकडून एक ट्रक आला. ऑकुसो, मोएलागी आणि त्यांच्या घरची वीस-बावीस माणसे खाली उतरली.  तिआलावेआंच्या घरासमोर ऑकुसो जमिनीवर मांडी घालून बसला, मोएलागी त्याच्या शेजारी बसली, आणि घरातली सर्वांत मोलाची, आजीच्या वेळची मऊसूत चटई त्या दोघांच्या डोक्यावरून पांघरली गेली. बाकीचे मागे माना खाली घालून बसले. आमच्याकडे अपराधाची क्षमा अशीच मागतात. ज्याचे नुकसान झाले त्या घराने बाहेर येऊन चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचे.

ऊन वर आले. तापले. चटईखालून ऑकुसोचे गुडघे तेवढे दिसत होते. गावाच्या सभेत ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे, असा हा माणूस. तिआलावेआंची बायको फुआतिनो रात्रभर इस्पितळात होती. ती आली तीच थेट चटईकडे गेली आणि तिने ती दोन्ही हातांनी उचलली. म्हणाली, “उठा. आत चला. माझा म्हातारा शुद्धीवर आहे, मला कोकोच्या भांड्याचं विचारतोय.” सगळे रडले, मग सगळे जेवले.

क्षमा मिळाली, पण आळ गेला नाही. उलट पक्का झाला. माफी मागितली म्हणजे चूक केलीच असणार, असे लोक धरून चालले. माझी किल्ली ऑकुसोने काढून घेतली. मोएलागी त्याला म्हणाली की दादा, मी खरंच ब्रेक दाबला होता. त्यावर तो म्हणाला, “मी तुझ्यासाठी मातीत बसलो. आता पुरे.” तो निर्दय नव्हता. त्याला वाटत होते, बहिणीचा पाय चुकला आणि ते कबूल करायची तिला लाज वाटते. गावातल्या दुकानात एक जण तिला म्हणाला, “मोएलागी, चपला बाहेर काढून ये हं, नाहीतर भिंत जायची.” सगळे हसले. तीही हसली, पण तिचे खांदे हलले नाहीत. हे मला तिच्याबरोबरच्या बायका नंतर आपसात बोलत होत्या त्यातून कळले. सर्वांत वाईट हे की हळूहळू तिलाच संशय येऊ लागला. माणूस खरे तेच सांगत असतो, पण शंभर जणांनी मान हलवली की तो स्वतःच्या पायाकडे संशयाने बघू लागतो.

मला डोंगरापलीकडे न्यायला कोणी धजेना. माझे नाकही चेपले होते. तेव्हा तिआलावेआंनी इस्पितळातून निरोप धाडला की राहू दे गाडी आमच्या आवारात, माझ्या जागेवर तशीही येऊन बसलीच आहे. म्हणून पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले.

मोएलागी दर गुरुवारी बसने यायची. टपरी तिने आणि फुआतिनोने मिळून पुन्हा उभी केली. तिआलावेआ पायाला प्लास्टर घालून घरी आले. त्यांना बसायला उंच जागा हवी होती, तर माझे मागचे दार उघडून ते तिथे बसू लागले. पाय एका खोक्यावर. तिथून ते गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि बायकोने केलेल्या कोकोला नावे ठेवायचे.

एका गुरुवारी मोएलागी त्यांना कोकोचा पेला द्यायला आली. त्यांनी पेला घेतला नाही. त्यांनी विचारले, “पोरी, मला एक सांग. तू ब्रेक दाबला होतास का?”

ती उभी राहिली. इतक्या आठवड्यांत तिला हे कोणी विचारलेच नव्हते. सगळ्यांनी तिला सांगितले होते.

“दाबला होता, काका,” ती म्हणाली. “निदान मला तसं वाटतं.”

“वाटतं काढून टाक.”

“दाबला होता.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि पेला घेतला. “मी वीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली. गरम लोखंड आणि गार लोखंड एकसारखं वागत नाही. त्या फळीवाल्याने गार गाडी तपासली. आण ती कुबडी इकडे.”

कुबडी टेकत ते माझ्याभोवती फिरले. पुढच्या डाव्या टायरपाशी थांबले, मग उजव्यापाशी गेले, पुन्हा डाव्यापाशी आले. त्यांनी टायरच्या खाचांत नख घालून पाहिले. हा इतका का झिजलाय, असे विचारल्यावर मोएलागीने टायरवाल्याची कडेला घासण्याची गोष्ट सांगितली.  माझ्या अंगावर काटा यायचा असता तर तेव्हा आला असता. चार वर्षांत माझ्या त्या चाकाकडे असे कोणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक उद्योग सुरू केला. डोंगर उतरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्या टपरीवर नारळाच्या दुधातले गोड पाव घ्यायला थांबतेच. माझ्यासारखी व्हॅन दिसली की ते मालकाला हाक मारायचे आणि प्लास्टरचा पाय दाखवून म्हणायचे, “तुमच्या गाडीच्या बहिणीने हे केलंय. मला दोन प्रश्नांची उत्तरं द्या, मग पाव घ्या.” पहिला प्रश्न, डावा पुढचा टायर लवकर झिजतो का. दुसरा, उतारावर ब्रेक कधी मऊ लागला आहे का. मोडक्या पायापुढे नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

लोक आधी इकडेतिकडे बघायचे. मग आवाज खाली आणून बोलायचे. एका टॅक्सीवाल्याने तीन टायर बदलले होते. एका शिक्षिकेने नवऱ्याला न सांगता डोंगराचा रस्ताच सोडला होता, लांबचा किनाऱ्याचा रस्ता धरला होता. प्रत्येकाला वाटत होते की चूक आपली. व्यापाऱ्याकडे तक्रार घेऊन गेलेल्यांना त्याने एकच उत्तर दिले होते, तुम्ही लोक उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसता. ते उत्तर प्रत्येकाने घरी नेले आणि गिळले.

फालेउताचे पाद्रीबाबा इओआने यांच्याकडेही माझी एक बहीण होती. त्यांनी पाव घेतले, पैसे दिले, निघाले, आणि परत आले. म्हणाले, “तिआलावेआ, मागच्या वर्षी मी चर्चच्या फाटकाला धडकलो होतो, आठवतं?”

“आठवतं. रस्त्यात डुक्कर आलं होतं. तुम्ही प्रवचनात सांगितलंत. जीव वाचवण्यावर बोललात, तासभर.”

पाद्रीबाबांनी पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “डुक्कर नव्हतं,” ते म्हणाले.

मोएलागी पाठ वळवून हसली. कित्येक दिवसांनी तिचे खांदे हलले. तिने एका शाळकरी वहीत पाद्रीबाबांची तक्रारही लिहून घेतली. पाद्रीबाबांनी खाली सही केली आणि विचारले की डुकराचा उल्लेख गाळता येईल का. तिने गाळला.

अकरा तक्रारी झाल्या. बारावी तिआलावेआंची स्वतःची होती. ते म्हणाले, मी गाडीचा मालक नाही, पण मोडलेल्या पायाचा मालक आहे. ती वही मोएलागीने तपासनिसाच्या हाती दिली. सेतेफानो कपाळाला आठ्या घालून आला. किल्ली नव्हती, म्हणून त्याने मला माणसांकरवी ढकलून पुन्हा तपासले, पुन्हा आवारात, पुन्हा गार. पुन्हा मी नीट थांबले. तो फळीवर लिहू लागला तेव्हा तिआलावेआ शांतपणे म्हणाले, “साहेब, माझा पाय गार गाडीने मोडलेला नाही.”

सेतेफानोचा हात थांबला. त्याला नियम कळत होते आणि तो प्रामाणिक होता. त्याने वही पुन्हा उघडली. अकराच्या अकरा ठिकाणी डावा पुढचा टायर. त्याने पान उलटले, परत मागे आला. मग म्हणाला की चढण चढून, उतारावरच तपासावी लागेल.

पण किल्ली ऑकुसोकडे होती, आणि तो देईना. त्याचे म्हणणे असे की क्षमा मागून झाली, मिळून झाली. आता ते उकरून काढणे म्हणजे त्या चटईचा अपमान. मोएलागी हिरमुसून परत आली. तेव्हा तिआलावेआ स्वतः कुबडी घेऊन बसमध्ये चढले आणि डोंगरापलीकडे त्याच्या दारात गेले. तिथे काय बोलणे झाले ते मोएलागीने मला धुताना फुआतिनोला सांगितले, ते मी ऐकले. ऑकुसोने विचारले होते, “दोष गाडीचा निघाला, तर मी उगाच वाकलो असं होईल ना?” त्यावर तिआलावेआ म्हणाले, “पाय खरंच मोडला होता. तुम्ही खरंच आलात. त्यात उगाच काय आहे? पण तुमची बहीण अजून चटईखालीच बसली आहे. तिच्या अंगावरची काढायला मी येऊ शकत नाही.”

मंगळवारी सकाळी ऑकुसो किल्ली घेऊन आला. माझे नाक तोवर ठोकून सरळ केले होते. सेतेफानोने सगळी तयारी केली होती. पोलिसांनी रस्ता अडवला होता. उताराच्या मध्यावर एक जुनी दगडखाण आहे, तिच्याकडे एक कच्चा रस्ता वर चढत जातो. ब्रेक गेला तर गाडी त्या चढावर घालायची असे ठरले. सेतेफानो स्वतः चालवणार होता. मोएलागी म्हणाली, “संशय माझ्या पायावर आहे, साहेब. पायही माझाच हवा.” तो शेजारच्या बैठकीवर जाऊन बसला. ऑकुसो न विचारता मागे चढला. सेतेफानोने त्याला उतरायला सांगितले. तो उतरला नाही.

मित्रांनो, मी त्या दिवशी किती घाबरले होते ते कसे सांगू? माझा दोष उघडा पडावा असे मला वाटत होते, आणि माझ्यात बसलेल्या माणसांना ओरखडाही येऊ नये असेही वाटत होते. आम्ही वर गेलो, वळलो, उतरू लागलो. त्या दिवशी ट्रकमागे जसा दाबावा लागला होता तसा मोएलागी वळणावळणावर ब्रेक दाबत होती. तीन वळणे गेली. चौथ्या वळणावर माझ्या डाव्या चाकातून करपट वास येऊ लागला. सेतेफानोने खिडकी उघडली आणि वास घेतला. सहाव्या वळणाच्या अलीकडे पेडल मऊ झाले.

“गेला,” मोएलागी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिने मला खालच्या गिअरमध्ये घातले, हँडब्रेक ओढत ओढत खाणीच्या रस्त्यावर वळवले. चढावर माझा वेग मेला, दगड चाकाखाली करकरले आणि मी थांबले.

 मग सेतेफानो वाकला आणि त्याने स्वतःच्या हाताने पेडल दाबले. ते विनातक्रार तळाला टेकले. त्याने सोडले, पुन्हा दाबले. पुन्हा तळाला. तो खाली उतरला, बाटलीतले पाणी त्याने उजव्या चाकावर शिंपडले, ते ओघळून गेले. डाव्या चाकावर शिंपडले, तर चर्र आवाज झाला आणि वाफ उठली. तो खिडकीशी आला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला होता.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचा पाय जागेवरच होता. मी चुकीचं लिहिलं.”

मोएलागीचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. ती समोरच बघत म्हणाली, “जरा मोठ्याने म्हणा, साहेब. मागे माझा भाऊ बसलाय.”

सेतेफानोने पुन्हा म्हटले, मोठ्याने.  मग ऑकुसोने पुढे हात करून बहिणीच्या खांद्यावर ठेवला.  तिने तो तसाच राहू दिला. मग तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटले माझ्याच टायरची हवा गेली.

पुढचे सगळे सोपे गेले. सेतेफानोने माझा आणि माझ्या बहिणींचा क्रमांक जपानला कारखान्याकडे पाठवला. सात आठवड्यांनी उत्तर आले. त्या वर्षीच्या गाड्यांत चिमट्याची एक रबरी कडी खराब लागली होती. तिथल्या मालकांना तशी पत्रेही गेली होती. फुलवाल्यालाही गेले असणार. पण तोवर मी समुद्रावर होते, आणि माझ्यामागे समुद्र ओलांडून ते पत्र कोणी पाठवले नव्हते. रेडिओवरून सूचना झाली. सामोआच्या दोन्ही मोठ्या बेटांवरून एकूण तेवीस मालक पुढे आले. नव्या कड्यांचे खोके जहाजातून आले. व्यापाऱ्याने मान खाली घालून त्या आपल्या आवारात बसवून दिल्या. माझी कडी बदलली त्या दिवशी मी तोच उतार उतरले आणि माझे डावे चाक उजव्याइतकेच गार राहिले. हे सुख कसे असते ते मला आधी माहीतच नव्हते. दुखणे जन्मापासून असले की ते दुखणे आहे हेच कळत नाही.

त्या रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात फाटकाची खरी गोष्ट सांगितली. लोक इतके हसले की पुढचे प्रवचन तसेच राहिले. सालेओलोच्या दुकानातल्या त्या माणसाने मोएलागीला नव्या रबरी चपला आणून दिल्या. त्या ती अजून वापरते.

आता मी म्हातारी झाले आहे. डोंगर माझ्याच्याने होत नाही, मोएलागी मला फक्त किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर नेते. तिआलावेआ थोडे लंगडतात, पण चालतात, आणि त्यांच्या टपरीवर आजही टायर पाहिल्याशिवाय पाव मिळत नाही असे ऐकते. मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, स्कूटर असेल, गाडी असेल. तिच्या टायरवरून हात फिरवा. दोन्ही बाजूंचे टायर सारखेच झिजताहेत का पाहा. ब्रेक एक दिवस जरी वेगळा लागला तरी घरात सांगा, आणि कोणी हसले तरी पुन्हा सांगा. आम्ही बोलू शकत नाही. आमचे दुखणे तुमच्याच तोंडून बाहेर येते. आणि दुसरे कोणी तसे सांगत आले, तर त्याच्या पायातल्या चपलांकडे बघण्याआधी चाकाकडे बघा.

मागच्याच महिन्यात पेट्रोल पंपावर एक तरुण टॅक्सीवाला पंपवाल्याला सांगत होता की त्याची गाडी पावसात आपोआप उजवीकडे ओढते. पंपवाला म्हणाला, तूच उजवीकडे बघत असशील, तिकडे मुलींचं कॉलेज आहे. आजूबाजूचे हसले. पोरगा लाजून गाडीत बसायला निघाला. मोएलागी माझ्यातून खाली उतरली, त्याच्या गाडीपाशी गेली आणि दाराला हात लावून उभी राहिली.

“मला सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”

तो सांगू लागला. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, कोणी हॉर्न दिला, पण मोएलागीने मागे वळून पाहिले नाही. तिने माझे इंजिन आधीच बंद करून ठेवले होते.